ओल्ड होंडा सिटीचा टायमिंग बेल्ट आणि इंजिन सील: घरच्या आंगणातल्या प्रकल्प नोंदी

शनिवार, १२ एप्रिल २०२५

एकदाचा कामाला हात घातला. बदलायचा टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकच्या (पिस्टनांना जोडलेला मुख्य दांडा) फिरण्याबरोबर कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणारा दातेरी रबरी पट्टा, आणि तेल अडवणारी रबरी सीलं. गाडी २००१ ची होंडा सिटी १.५, १९९८ साली भारतात आलेलं पहिलं मॉडेल, ज्याला गाडीवेडी मंडळी ओएचसी म्हणतात. मीटरवर ८६ हजार किलोमीटर आणि सगळा घोळ इथेच होतो, कारण ज्याला सांगावं तो म्हणतो अरे ८६ हजारच ना, टायमिंग बेल्ट लाख किलोमीटरला बदलतात, अजून दोन वर्षं आरामात काढशील. पण गोव्यात गाडी पळते कुठे? उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत सरळ रेषेत मोजलं तर शंभर किलोमीटरच्या आसपास राज्य आपलं, माझं रोजचं उसगाव ते फोंडा आणि कधीतरी पणजी. २४ वर्षांत ८६ हजार म्हणजे ही गाडी चालली कमी आणि उभी जास्त राहिली, आणि रबराला किलोमीटर कळत नाहीत, त्याला वर्षं कळतात, बॉनेटखालची उष्णता कळते आणि अंगावर पडलेलं तेल कळतं. इथे ज्यांच्याकडे जुनी बेल्टवाली गाडी आहे त्या सगळ्यांना मला हेच सांगायचंय म्हणून या नोंदी नीट लिहून ठेवतोय.

आधीचे मालक कोलव्याचे, त्यांनी विकताना सांगितलं बेल्ट हल्लीच बदललाय. बिल नाही, तारीख नाही. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरून चालायचं, कारण हे डी सिरीजचं इंजिन इंटरफिअरन्स प्रकारचं आहे, म्हणजे बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, क्रँक फिरत राहतो आणि पिस्टन उघड्या वॉल्व्हवर जाऊन आदळतात. वॉल्व्ह वाकले की सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवणं आलं, आणि त्या खर्चात हे सगळं काम कितीतरी वेळा होईल.

दुसरं कारण तेल. पुढच्या डाव्या चाकामागे फरशीवर डाग पडतोय आणि सिग्नलला थांबलं की जळक्या तेलाचा वास येतो. आज फक्त शोध घेतला. इंजिनाला डीग्रीजर मारून धुतलं, डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा) आणि अल्टरनेटर प्लास्टिकने झाकून, मग कोरडं करून सगळीकडे टाल्कम पावडर फुंकली आणि तिस्क ते फोंडा एक फेरी मारून आणली. पावडरीवर तेलाची वाट स्पष्ट दिसते, टॉर्चची पण गरज नाही. तीन ठिकाणं सापडली: टायमिंग कव्हरच्या तळातून, डिस्ट्रिब्युटर हेडला बसतो तिथून, आणि टॅपेट कव्हरच्या (हेडवरचं झाकण) मागच्या कडेने. कव्हरच्या तळातून येतंय म्हणजे आत क्रँकचं किंवा कॅमचं सील गेलंय, आणि त्या तेलात बेल्ट भिजत असणार.

अजून एक गोष्ट तपासली जी बरेच जण विसरतात, पीसीव्ही वॉल्व्ह. काढून कानाशी हलवला तर आवाजच नाही, आत काजळी बसून जाम. हा बंद असला की क्रँककेसमधला (क्रँक बसतो ती इंजिनाची पेटी) दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि ती वाट सीलांमधून असते. नुसती सीलं बदलून हा तसाच ठेवला असता तर नवीन सीलं पण वर्ष दोन वर्षात रडायला लागली असती.

रविवार, १३ एप्रिल

सामानाची यादी केली. टायमिंग बेल्ट, टेन्शनर बेअरिंग (बेल्टला ताण देणारं चाक) आणि त्याची स्प्रिंग, वॉटर पंप ओ-रिंगसकट, क्रँकचं पुढचं सील, कॅम सील, डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, टॅपेट कव्हर गास्केट आणि स्पार्क प्लगच्या नळ्यांची सीलं, पीसीव्ही, बाहेरचे पंख्याचे बेल्ट, कूलंट, इंजिन ऑइल, फिल्टर. वॉटर पंप चांगला असेल तरी बदलायचा, तो याच टायमिंग बेल्टवर फिरतो, उद्या तो गळायला लागला तर हेच सगळं परत खोलायचं.

म्हापशात आणि मडगावात जुन्या होंडाचं सामान आता सहज मिळत नाही, दुकानदार मागवून देतो म्हणतात. एका ठिकाणी बेल्ट लगेच काढून दिला पण खोक्यावरची छपाई धुरकट, बेल्टवर दातांची संख्या नाही, नंबर नाही, तो तिथेच ठेवला. बेल्ट आणि टेन्शनर या दोन गोष्टींत पैसे वाचवायचे नाहीत. शेवटी ओळखीतून बेळगावला फोन केला, चोर्ला घाटातून रोज जा-ये करणारा एक टेम्पोवाला आहे तो आणून देईल.

शुक्रवार, १८ एप्रिल

गुड फ्रायडेची सुट्टी. सामान आलं, सगळं बरोबर आहे. बेल्टचे दात जुना हातात आल्यावर पुन्हा मोजून घेणार.

सकाळी साडेसहाला सुरू केलं, नऊनंतर आंगणात बसवत नाही. जॅक लावून डावं पुढचं चाक काढलं. आमच्या आंगणात चिरे बसवलेत, आणि चिरा कितीही घट्ट वाटला तरी जॅक स्टँडचे पाय त्यात रुततात, म्हणून स्टँडखाली लोखंडी पत्रे ठेवले आणि चाक पण आडवं करून दाराखालच्या कडेखाली सरकवलं. गाडीखाली हात घालायचा तर ही तयारी पहिली, बाकी सगळं नंतर.

बॅटरीची निगेटिव्ह काढली, कूलंट बादलीत काढला. कूलंटमधलं ग्लायकॉल गोडसर असतं आणि कुत्री मांजरं ते चाटतात, थोडंसं पण त्यांच्या जिवावर बेततं, त्यामुळे बादली लगेच झाकून आत नेली. शेजारीच विहीर आहे आणि चिऱ्यातून काहीही खाली झिरपतं, तेव्हा तेल आणि कूलंटचा एक थेंब पण जमिनीत जाऊ द्यायचा नाही असं ठरवलंय. ताडपत्री, वर पुठ्ठा, वर लाकडाचा भुसा.

बाहेरचे बेल्ट, टॅपेट कव्हर, वरचं टायमिंग कव्हर निघालं. ऑइल पॅनखाली फणसाच्या लाकडाचा ठोकळा आणि जॅक देऊन इंजिन नुसतं टेकवून धरलं आणि डावीकडचं माउंटिंग सोडलं. तेवढ्यात आप्पा आले. आप्पा म्हणजे माझे चुलते, सगळी नोकरी खाणीवर गेली, डंपर आणि लोडरच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा घरी बसले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "क्रँकचो बोल्ट सुटलो?" म्हटलं नाही अजून. "मग अजून काहीच झालं नाही बाबा."

आणि खरंच तसंच झालं. होंडाचा क्रँक पुलीचा बोल्ट. १७ ची गोटी (सॉकेट), लांब टॉमी (ती फिरवायचा दांडा), वर पाईप, गाडी गिअरमध्ये टाकून भाच्याला ब्रेकवर बसवला, तरी जागचा हलत नाही, नुसती टॉमी वाकते. समुद्राकाठी राहिलेली गाडी, वॉशरभोवती गंज पकडलेला. बाकीच्या बऱ्याच गाड्यांना लोक एक युक्ती करतात, टॉमी चॅसिसला टेकवायची आणि स्टार्टरचा झटका द्यायचा, बोल्ट सुटतो. इथे ती अजिबात करायची नाही, कारण हे डी सिरीजचं इंजिन पुलीकडून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, तेव्हा स्टार्टरच्या झटक्याने बोल्ट सुटायच्या ऐवजी अजून आवळला जातो. हे ज्याला माहीत नाही तो गोटी तरी फोडतो नाहीतर हात तरी.

डब्ल्यूडी (गंज सैल करणारा स्प्रे) मारून ठेवला, आज इथेच थांबलो.

मंगळवार, २२ एप्रिल

कामावरून येताना कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथवाल्याकडे गेलो. होंडाच्या पुलीच्या तोंडाला आतून ५० मिलिमीटरचा षटकोन असतो, पुली धरून ठेवायला मुद्दाम दिलेला. त्या मापाचा षटकोनी तुकडा, मधे गोटी जाईल एवढं भोक, आणि बाजूला जाड पट्टी वेल्ड करून लांब दांडा. चित्र काढून दिलं, पुलीचं माप व्हर्नियरने घेऊन गेलो होतो, शनिवारपर्यंत देतो म्हणाला.

रविवार, २७ एप्रिल

सुटला!

आप्पांनी खाणीवरची स्वतःची पाऊण इंची ड्राइव्हची टॉमी आणली, जिच्यावर त्यांनी आयुष्यभर टिपरची चाकं खोलली, तिला अर्ध्या इंचाचा अ‍ॅडॉप्टर आणि सहा कोनी इम्पॅक्ट गोटी. बारा कोनी गोटी इथे वापरूच नये, बोल्टाचे कोपरे गोल करून टाकते. लेथवाल्याचं हत्यार पुलीत अगदी फिट बसलं, दांडा जमिनीला टेकवला, आणि एक्स्टेन्शनच्या खाली दुसरा जॅक स्टँड आधाराला, नाहीतर जोर वळवण्यात न जाता एक्स्टेन्शन खाली वाकवण्यात जातो. मी झटके देत होतो तर आप्पा म्हणाले, "सवकास रे, सवकास, झटको नाका. वजन घाल आणि थांब." पाईपवर हळूहळू वजन टाकत गेलो, टॉमी वाकली, थांबली, आणि मग टक असा आवाज आला की मला वाटलं गोटी फुटली. बोल्टच सुटला होता. कडेने गंजाची लालसर पूड पडली. आप्पा काही बोलले नाहीत, फक्त चहा आणा म्हणून आत हाक मारली.

बेल्ट उतरवायच्या आधी पहिला सिलिंडर टीडीसीला (पिस्टन अगदी वरच्या टोकाला) आणून सगळ्या खुणांचे फोटो काढले. कॅम पुलीवर यूपी लिहिलेलं वर, दोन्ही बाजूंच्या खाचा हेडच्या वरच्या कडेला समांतर, आणि खाली क्रँकच्या दातेरी चाकावरची खूण ऑइल पंपावरच्या बाणासमोर. त्यावर पांढऱ्या पेंटचे ठिपके पण दिले.

मग बेल्ट काढला. हातात घेऊन उलटा वाकवला आणि सगळं दिसलं. पाठ गुळगुळीत चकाकणारी, छपाई पुसट, वरवर बघता ठीकच वाटला असता, पण वाकवल्यावर दातांच्या बुडाशी, जिथे दात पट्ट्याला मिळतो, तिथे केसाएवढ्या भेगा, एका मागोमाग एक. खालच्या कडेला तेल पिऊन रबर फुगलेलं, नखाने दाबलं तर खळगा तसाच राहतो, आणि त्या कडेचे दोन दोरे सुटून लोंबत होते. हा बेल्ट ८६ हजारांवर आहे म्हणून चांगला, असं मला कितीतरी जणांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. तो तुकडा जपून ठेवलाय, पुढच्या वेळी कोणी म्हणालं की हातात देणार.

गुरुवार, १ मे

आजचा दिवस सीलांचा, आणि या सगळ्या कामात मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

क्रँकचं दातेरी चाक हाताने ओढून निघालं, मागची गाईड प्लेट कुठल्या बाजूने आहे ते बघून ठेवलं, चावी (चाक क्रँकवर सरकू न देणारा लोखंडी तुकडा) डबीत. मागे ऑइल पंपात बसलेलं सील दिसलं, सगळं काळं ओलं. ते काढताना क्रँकवर एक ओरखडा जरी पडला तरी नवीन सील तिथूनच गळणार, म्हणून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टीचे वेढे दिले, क्रँकवर पण प्लास्टिकची पट्टी गुंडाळली, आणि सीलाच्या ओठाला आतून थोडं थोडं चारी बाजूंनी उचकटत आणलं. घाई केली की टोक सरकतं.

जुनं आणि नवं शेजारी ठेवून बघा एकदा. नव्याचा ओठ बोटाने दाबला की वाकतो आणि लगेच परत येतो, मागची बारीक स्प्रिंग त्याला क्रँकवर दाबून धरते. जुन्याचा ओठ प्लास्टिकसारखा कडक, दाबला तर एका जागी तडकलाच. म्हणजे स्प्रिंग आपलं काम करत होती, पण रबरच दबत नव्हतं, मग तेल थांबणार कसं. गाडी महिनोन्महिने उभी राहते तेव्हा ओठ एकाच जागी टेकून कोरडा पडतो, आणि मग इंजिन तापायचं, थंड व्हायचं, हे वर्षानुवर्षं. यात किलोमीटर कुठे आले?

क्रँकवर जुन्या ओठाने रेघ पाडली आहे का ते नखाने बघितलं, चमक आहे पण नख अडकत नाही, म्हणजे ठीक. नख अडकलं असतं तर नवीन सील एखादा मिलिमीटर मागेपुढे बसवून ओठाला कोरी जागा द्यायची. खाचा कॉटनने स्वच्छ केल्या, ओठाला इंजिन ऑइल लावलं, बाहेरची कड कोरडी. ठोकायला पीव्हीसी पाईपचं कपलिंग, सीलाच्या बाहेरच्या कडेच्या मापाचं, आणि हलक्या हातोडीने गोल गोल. आप्पा टॉर्च धरून आवाज ऐकत होते, "आता बसलं" म्हणाले तेव्हा खरंच कड पंपाच्या तोंडाशी सपाट आली होती, ठोकण्याचा आवाज पोकळचा भरीव होतो.

कॅम सील त्या मानाने सोपं, पुलीचा बोल्ट काढून पुली बाहेर, अर्धचंद्राकृती चावी खाली पडणार नाही एवढं बघायचं. डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग काढली तर तिचे तीन तुकडे झाले. डिस्ट्रिब्युटर सोडायच्या आधी त्याच्या पायावर आणि हेडवर एक सरळ रेघ मारून घ्या, परत त्याच जागी बसला की इग्निशन टायमिंग फारसं हलत नाही.

रविवार, ४ मे

वॉटर पंप बसवला, जुन्याचं बेअरिंग फिरवलं तर खरखर लागत होती. नवीन टेन्शनर, नवीन स्प्रिंग. कॅम पुलीचा बोल्ट ३७ न्यूटन मीटर.

बेल्ट चढवायचा क्रम: आधी क्रँकचं चाक, मग टेन्शनर, मग वॉटर पंप, शेवटी कॅम. ताणाची बाजू आधी घट्ट राहिली पाहिजे, ढिलाई टेन्शनरकडे. चढवून झाल्यावर क्रँकच्या बोल्टावर गोटी लावून हाताने पाच सहा फेरे, घड्याळाच्या उलट दिशेनेच, प्लग काढून ठेवलेले त्यामुळे हलकं फिरतं. कुठे अडकलं तर जोर लावायचा नाही, थांबून बघायचं. परत टीडीसी. मग टेन्शनरचा बोल्ट अर्धा फेरा ढिला, क्रँक एवढाच फिरवायचा की कॅम पुलीचे तीन दात पुढे सरकतील, आणि तिथेच टेन्शनर ४४ न्यूटन मीटरला आवळायचा. टेन्शनरवर हाताने जोर द्यायची गरज नसते, स्प्रिंगने जेवढा ताण दिला तेवढाच बरोबर. माझ्या ओळखीतल्या एका गाडीला गॅरेजमध्ये स्क्रू ड्रायव्हरने दाबून ताण दिला होता, बेल्ट शिट्टी मारायचा आणि पंपाचं बेअरिंग लवकर गेलं.

परत टीडीसीला आणून खुणा तपासल्या, आप्पांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कव्हर लावू दिलं नाही.

शनिवार, १० मे

टॅपेट कव्हर उघडंच आहे तर टॅपेट, म्हणजे वॉल्व्हच्या फटी, पण करून घेतले, थंड इंजिनवर, फीलर गेज घेऊन इनटेक ०.२० आणि एक्झॉस्ट ०.२५ मिलिमीटर, १-३-४-२ या क्रमाने. एक्झॉस्टचे दोन घट्ट होते. कव्हरला नवीन गास्केट, कॅम होल्डरच्या कोपऱ्यांवर बोटभर लिक्विड गास्केट, वरचे नट फक्त १० न्यूटन मीटर, जास्त आवळले की गास्केट चेपून तिथूनच तेल येतं.

क्रँकचा बोल्ट मॅन्युअलप्रमाणे टॉर्क रेंचने. कूलंट डिस्टिल्ड वॉटर घालून, नळाचं किंवा विहिरीचं पाणी नाही. होंडाला थर्मोस्टॅटच्या बाजूला हवा काढायचा बोल्ट असतो, तो उघडा ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत भरलं, हीटर पूर्ण गरमवर.

संध्याकाळी किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात सुरू, आणि इतका एकसारखा आवाज की मी बॉनेटवर हात ठेवून उभाच राहिलो. टायमिंग लाइट लावून लाल खूण पॉइंटरवर आणली, डिस्ट्रिब्युटर अगदी किंचित हलवावा लागला. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवली. खाली पुठ्ठा कोरडा.

रविवार, २५ मे

पाऊस यंदा लवकर आला, वेळेत झालं म्हणायचं. मधल्या दिवसांत रोज फोंडा, आणि एकदा मुद्दाम केरीवरून चोर्ला घाट चढून बेळगावला जाऊन आलो, टेम्पोवाल्याच्या मागे मागे दुसऱ्या गिअरमध्ये, तापमानाचा काटा जागचा हलला नाही. आल्यावर पुन्हा टाल्कम पावडर. तिन्ही जागा पांढऱ्याच्या पांढऱ्या.

मागच्या बाजूला, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात, थोडा ओलावा आहे. ते क्रँकचं मागचं सील, त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि तेवढ्यासाठी आता उतरवणार नाही, क्लच बदलायला येईल तेव्हा एकदमच. तोपर्यंत दर महिन्याला तेलाची काडी बघायची.

टायमिंग कव्हरवर पेंट मार्करने लिहून ठेवलंय: बेल्ट, पंप, सीलं, मे २०२५, ८६ हजार. खाली, पुढचा बदल मे २०३०, मीटर काहीही असो.